बाळाची गोधडी आणि कच्चा रंग

एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हे आपलं तोंडदेखलं. पाठीमागे गाव त्याला बिनडोक म्हणे, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

त्याची लेक कौशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मागोमाग तिच्या सासूचा, भिवराबाईचा, निरोप आला. "बारशाला येते. बाळाची गोधडी मनासारखी असली तर सुनेला नेईन. नाहीतर ठेवा तुमच्याकडंच."

रंभाजीची बायको हौसा धसकलीच. लेकीचा संसार आता गोधडीवर आला होता.

"अवो, गोधडीला रंगीत कापडं बघून आणा," ती म्हणाली.

रंभाजीने दुकानातून खळ लावलेलं नवंकोरं कापड आणलं. इतकं कडक की घडी जमिनीवर उभी राहिली.

"हे बाळाला टोचंल की. गोधडीला नवं घेत न्हाईत. मानसानं अंगावर वापरून मऊ झालेलं लागतंय."

"आधी सांगायचंस. आता ध्यानात ठिवतो."

पारावर म्हातारे तात्या सुतार डुलक्या घेत होते. त्यांचं धोतर वापरून मऊ झालेलं होतं आणि अंगावरही होतं. रंभाजीने टोक धरून ओढलं. तात्या गडगडत खाली आले. हौसाने मान खाली घालून धोतर परत नेऊन दिलं.

"कुनाच्या अंगावरचं कधी वढायचं न्हाई. घरोघर मागून आणायचं."

"आधी सांगायचंस. आता ध्यानात ठिवतो."

मागायला अक्कल लागत नाही, म्हणून ते त्याला जमलं. हिरवं, पिवळं, जांभळं, लाल, सगळं आलं. हौसाने एकेक कापड बादलीत बुडवलं. लाल लुगड्याने पाणी लालेलाल केलं.

"ह्याचा रंग कच्चा हाय. असलं बाळाच्या गोधडीजवळ ठिवायचं न्हाई, समदी गोधडी नासंल. जावा, उकिरड्यावर टाका."

हे मात्र त्याने बिनचूक केलं आणि दिवसभर मिशीला पीळ देत हिंडला.

हौसाने पिवळ्याशेजारी हिरवं लावलं, हिरव्याशेजारी जांभळं, कडेला आपल्या आईच्या लुगड्याचा काठ. दुखऱ्या बोटांनी तिने गोधडी पुरी केली. कौशीला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी हौसाने नवऱ्याला हळदकुंकू आणायला धाडलं. तो हात हलवत आला.

"हिरीवर बुडवून बघितलं. दोन्हीचा रंग उतरला. उकिरड्यावर टाकलं."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, पानी लुगड्यावर घालून बघत्यात, हळदकुंकवावर न्हवं."

"आधी सांगायचंस. आता ध्यानात ठिवतो."

भिवराबाई बैलगाडीतून उतरली ती नव्या लालभडक लुगड्यात. अस्सल रेशीम म्हणून सगळ्यांना पदर दाखवत होती. मग गोधडी मांडीवर घेऊन तिने टाका न् टाका तपासला. खोड काढायची फार हौस होती, पण सापडेना.

"बरी हाय," ती शेवटी म्हणाली. "सुनेला नेते."

कौशीने लगेच गाठोडं आणून दाराशी ठेवलं. हौसाचे डोळे भरून आले. पाहुणीला घुगऱ्या आणायला ती स्वयंपाकघरात गेली. कौशी बाळाला पाजायला आत वळली. ओसरीवर भिवराबाई, गोधडी आणि रंभाजी एवढेच उरले. शिवाय पाण्याचा तांब्या होता.

हौसा घुगऱ्या घेऊन आली तर गोधडीवर लाल ओघळ, आणि भिवराबाईची जागा रिकामी. परसातून बोंब ऐकू आली. मग वाटेवर बैलगाडी दौडत गेल्याचा आवाज आला. कौशीचं गाठोडं दाराशी तसंच होतं.

"अवो, ईहीनबाई कुठं हायेत?"

रंभाजी हात झटकत परसातून आला. तोंडावर समाधान मावत नव्हतं.

"लुगड्यावर पानी घालून बघितलं. रंग कच्चा निघाला. आता लुगडं टाकायचं, तर अंगावरचं वढायचं न्हाई म्हनालीस. म्हनून बाईसकट उकिरड्यावर टाकून आलो. बघ, आज एक बी गोष्ट इसरलो न्हाई."