टिल्याचं जावळ

पिंपळदरी नावाच्या गावात एक भोळा बाप राहत होता. त्याचं नाव गुणाजी. बारशाच्या दिवशी पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून नावाबद्दल कुणाला दोष देता येत नाही.

गुणाजीचं एक मात्र मानलं पाहिजे. बायकोने शिकवलेली गोष्ट तो कधी वाया जाऊ देत नसे. ती पाठ करायचा आणि पुढच्या कामाला लावायचा. पुढचं काम वेगळं आहे, असली बारीकसारीक गोष्ट तो बघत नसे. एकट्या माणसाने काय काय बघायचं?

बायकोचं नाव सगुणा. मुलगा टिल्या, वय सव्वादोन वर्षं, केस पार खांद्यापर्यंत. कारण जावळ काढायचं राहिलं होतं. ते काढायचं कुलदैवतासमोर, मामाच्या मांडीवर बसवून. कुलदैवत चारशे किलोमीटर लांब, आणि मामा फौजेत. सगुणाच्या या एकुलत्या एका भावाने, आनंदा त्याचं नाव, भाच्याला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. एक दिवस त्याचा फोन आला.

"अक्का, आमची तुकडी हलतेय. रविवारी गाड्या देवळाच्या वाटेनेच जातात. दहा ते बारा मी देवळात थांबतो. बाराला मात्र निघावंच लागेल. मग दीड वर्षं सुट्टी नाही."

सगुणा हर्षाने रडली. डोळे पुसून तिने नवऱ्याकडे बघितलं, तेव्हा तिला पुन्हा रडू आलं.

गुणाजीचे वडील, आबा, म्हणाले, "मी येत नाही बुवा. आपल्या जीपमध्ये मला मळमळतं. तुम्ही पोराचा चकोट करून आणा, मी पेढे आणून ठेवतो."

तयारीला पाच दिवस होते. सगुणा म्हणाली, "अहो, राजमाने ड्रायव्हरला रस्ता विचारून या."

गुणाजी गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"काय म्हणाले राजमाने?"

"ते कुठं ऐकलं? तू विचारून या म्हणालीस. विचारलं आणि आलो. मागून काहीतरी ओरडत होता बिचारा."

सगुणाने कपाळाला हात लावला. "अहो, असं करतात का? मिळेल ते कागदावर घ्यायचं, चार घड्या घालायच्या आणि सदऱ्याच्या खिशात दाबून ठेवायचं."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो," गुणाजी म्हणाला.

रस्ता सगुणा स्वतःच विचारून आली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला वत्सलाकाकूंकडे लोण्याला पाठवलं. टिल्या वाटेत लोणी-भाताशिवाय कशाला तोंड लावत नसे. गुणाजीने लोणी कागदावर घेतलं. चार घड्या घातल्या. खिशात दाबून ठेवलं. दिवस वैशाखाचे. घरी पोचेपर्यंत लोणी सदऱ्यातून धोतरात आणि धोतरातून वहाणेत उतरलं होतं, आणि मागे गावातली तीन कुत्री मोठ्या आदराने चालत होती.

"अहो, काय हे! असलं काही आणायचं तर ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वर झाकण घालायचं, ऊन लागू द्यायचं नाही."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी तो गोदाआत्याला आणायला शेजारच्या गावी गेला. वाटेत टिल्याला धरायला कुणीतरी हवं होतं. गुणाजीने आत्याला ओल्या गोधडीत गुंडाळलं, डोक्यावर परात पालथी घातली आणि बैलगाडीत निजवलं. आत्याला आधी वाटलं, भाचा किती काळजी घेतो. पहिल्या शिंकेनंतर तिला तसं वाटेनासं झालं. दारात उतरली ती नाक पुसत, आणि तशीच उलट पावली निघाली.

"मी मेले तरी तुझ्या गाडीत बसायची नाही!" तिने परात अंगणात भिरकावली.

सगुणा दमून म्हणाली, "अहो, हौसेने आणायचं. खिडकीपाशी बसवायचं. वारं लागतंय का, पाय अवघडले का विचारायचं. वाटेत चहा पाजायचा."

"एवढंच ना? पुढच्या वेळी तसंच करतो."

चौथ्या दिवशी तालुक्याला जाऊन जीपचं जादा चाक आणायचं होतं, पंक्चर काढून ठेवलेलं. परत येताना गुणाजीने एसटीत चाकाला खिडकीपाशी बसवलं.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"एक पूर्ण तिकीट द्या. आणि खिडकी उघडा, त्याला वारं लागत नाही."

स्टँडवर त्याने चाकाला चहा पाजला. चाक प्यालं नाही. चहा सगळा पुढच्या बाकावरच्या तलाठ्याच्या मानेवरून गेला. तलाठी जे बोलला ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

सगुणाला आता ओरडायचंही त्राण नव्हतं. "अहो, त्याला काय विचारायचं? उचलायचं आणि मागे सामानात टाकायचं."

"एवढंच ना?"

शनिवार उजाडला. सकाळी निघायचं, संध्याकाळी देवळाच्या धर्मशाळेत पोचायचं, असा सगुणाचा बेत होता. तिने जीपमध्ये नारळ, लोणी-भाताचा डबा, दुपटी, टोपडं सगळं भरलं आणि म्हणाली, "टिल्याला आणा."

गुणाजीने टिल्याला काही विचारलं नाही. उचललं आणि मागे सामानात ठेवून दिलं, चाकाच्या बरोबर मधे. टिल्याने जो टाहो फोडला तो ऐकून वत्सलाकाकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. मग पोर जीपमध्ये बसेचना. पाय ताठ, पाठ धनुष्यासारखी.

तेव्हा सगुणाने त्याला शेवटची गोष्ट शिकवली. खरं म्हणजे शहाणी गोष्ट होती. "लहान पोराला असं नाही करायचं हो. आधी आपण करून दाखवायचं. मग ते बघून बघून करतं." ती स्वतः हसत हसत जीपमध्ये बसली, आणि टिल्या मागोमाग चढला.

गुणाजी थक्क झाला. इतकी सोपी युक्ती, आणि इतकी वर्षं कुणी सांगितली नाही!

टिल्या भात खाईना. गुणाजीने गाडी थांबवून खाऊन दाखवला. पोराची खात्री पटावी म्हणून सगळा डबा संपवला. टिल्या टोपडं घालीना. गुणाजीने घालून दाखवलं, आणि बंद हनुवटीखाली बांधून दोन तालुके पार केले. टिल्या दुपारी झोपेना. गुणाजीने रस्त्याकडेला गाडी लावून झोपून दाखवलं. साडेतीन तास दाखवलं. सगुणाने हलवून हलवून उठवलं तर म्हणाला, "थांब जरा, पोर बघतंय."

अशा रीतीने वाटेतच रात्र काढून, शनिवारी संध्याकाळी पोचायचे ते लोक रविवारी सकाळी सव्वाअकराला पोचले.

आनंदा पायरीवर उभा होता. त्याने टिल्याला उचलून असं कवटाळलं की सगुणाचा सगळा शीण उतरला. न्हाव्याने घड्याळ बघितलं. "बाई, बारापर्यंत एकच डोकं होईल हं. लवकर बसवा."

मामाने मांडी घातली. टिल्याने वस्तरा बघितला, किंचाळला आणि खांबाला मिठी मारली.

"तुम्ही याला बसवा हो, मी ओटी भरून येते," म्हणून सगुणा गाभाऱ्यात धावली.

गुणाजीचा ऊर भरून आला. बायकोने भरवसा टाकला होता, आणि काय करायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. तो पुढे झाला आणि मेहुण्याच्या मांडीवर बसला.

"दाजी?" आनंदा म्हणाला.

"गप बसा. पोर बघतंय."

आनंदा फौजेतला. हुकूम आला की कारण विचारायचं नाही, ही त्याची सवय. न्हाव्याने विचारलं, "मिशी पण?"

"सगळं," गुणाजी म्हणाला. "अर्धवट दाखवून पोरं शिकत नाहीत."

आणि युक्ती लागू पडली! डोकं गुळगुळीत झालं, मिशी गेली, तसा टिल्या हसायला लागला. टाळ्या पिटत आला, बापाला ढकललं आणि मामाच्या मांडीवर डोकं पुढे करून बसला. शहाण्या बाळासारखा.

तेवढ्यात खाली फौजेच्या गाडीचा भोंगा वाजला. बारा.

आनंदाने भाच्याच्या त्या एवढ्या मोठ्या केसांवरून हात फिरवला. उठला. गुणाजीच्या वजनाने पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून लंगडत लंगडत गेला. ओटीच्या रांगेतून सुटून सगुणा बाहेर आली ती त्याची पाठच बघायला. ती पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

"रडू नकोस गं," गुणाजी म्हणाला. "पोराला आता येतं. दीड वर्षाने फक्त बसवायचंय."

परतीच्या वाटेवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाव तासाभरावर राहिलं तेव्हा म्हणाली, "गावात कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. नुसती मान हलवायची. एवढं तरी जमेल?"

"एवढंच ना?"

मग ती टिल्याला कुशीत घेऊन मागे झोपून गेली.

आता आपल्याकडे मोठ्या माणसाने डोकं आणि मिशी एकदमच उतरवली, तर त्याचा अर्थ पोरंसोरंही सांगतील. बाप गेला. वेशीपाशी शेळ्यांचा कळप आडवा आला, जीप थांबली, आणि नारायण शिंप्याला गुणाजीचं डोकं दिसलं. आबाही देवाला गेलेत, असंच तो धरून चालला होता.

"अरे गुणाजी! आबा?"

गुणाजीने मान हलवली.

"गेले? फार हाल झाले का रे?"

गुणाजीने मान हलवली. शिंपी पळत सुटला.

शेळ्यांना काही घाई नव्हती. जीप घरापाशी येईतो बायका ओट्यावर गळा काढून बसल्या होत्या. दोघं जण बांबू घेऊन आले होते. वत्सलाकाकू आबांचे गुण सांगत होत्या, आणि ते ऐकायला आतून पेढ्यांचा पुडा घेऊन आबाच बाहेर आले.

"काय गं, गेलं कोण?"

बायका किंचाळत अंगणाबाहेर पळाल्या. शिंप्याच्या हातातून बांबू पडला. तो म्हणाला, "आबा, ते तुमच्या पोरालाच विचारा."

आबांनी जीपकडे बघितलं. खाली उतरलेल्या सगुणाच्या कडेवर नातू, केस खांद्यापर्यंत. शेजारी मुलाचं डोकं उन्हात चकाकतंय, आणि मिशी नाही.

"काय रे गुणाजी," आबा म्हणाले, "मी गेलो का?"

गुणाजीने सगुणाकडे बघितलं. आज तरी तिचा शब्द मोडायचा नव्हता. त्याने तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली.

त्याचं बघून टिल्यानेही हलवली.