घाणेवालीची पिल्लं

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा विहिरींना रहाट होते, आणि शेजारच्या दोन घरांमध्ये भिंत नसायची, नुसता काटक्यांचा कूड असायचा. आता कूड म्हटला की भोकं आलीच, आणि भोक म्हटलं की डोळा आलाच.

त्या गावाची एक रीत होती. कापणीत लावा पक्ष्याचं घरटं मोडलं आणि आई दगावली, तर पिल्लं गावाने वाढवायची. पंख भरले की बांधावर नेऊन सोडायची. जिची पिल्लं आधी उडतील, तिने गावदेवीची पहिली ओटी भरायची. असा मान राणीलासुद्धा नव्हता.

त्या साली ज्वारीत एक घरटं सापडलं. अंगठ्याएवढी पिल्लं, अंगावर नुसती लव. निम्मी मिळाली मडकेवालीला, निम्मी तिच्या शेजारच्या, तेलाचा घाणा चालवणाऱ्या घाणेवालीला.

घाणेवालीचं मन तिथेच करपलं. मागच्या खेपेलाही ओटी मडकेवालीनेच भरली होती. “चिखलात हात असतात बाईचे, आणि देवी हिच्याच हातून ओटी घेते!” असं ती घाण्याच्या बैलालाही ऐकवायची.

मडकेवालीने टोपलीत खरबरीत गोणपाट अंथरलं, वर सुकं तूस पसरलं. ते पाहून घाणेवालीने नाक मुरडलं. “माझी पिल्लं का तुसावर लोळतील?” तिने पेटीतला लग्नातला रेशमी शालू काढला आणि त्याची घडी पिल्लांखाली घातली. पिल्लं उभी राहायला गेली की पाय दोन बाजूंना घसरायचे. तिला वाटलं, लाडात आलीत.

काही दिवसांनी मडकेवालीच्या पिल्लांना पिसं फुटली, आणि काय ती चमक! घाणेवालीची झोपच उडाली. ती कुडाला डोळा लावून बसू लागली. रोज सकाळी मडकेवाली एक छोटं बोळकं पिल्लांच्या टोपलीत रिकामं करायची. बोळक्यात काय, ते काही दिसेना.

“काय गं अक्का, कुडाशी काय शोधतेस?” मडकेवालीने एकदा हटकलंच.

“माझी कोंबडी आलीय का तिकडे, ते बघते.”

“ती तर तुझ्या पायाशी उभी आहे! पिल्लांचं काही विचारायचं असेल तर सरळ आत ये की.”

“मला काय विचारायचंय? तुझ्याआधी लग्न होऊन आलेय मी या गावात!”

आता तुम्हीच सांगा, जिच्या घरात केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळं तेलाने चमकतं, ती दुसरा काय विचार करणार? तिने ताज्या तिळाचं तेल घेतलं आणि एकेका पिल्लाला प्रेमाने चोपडलं. दुपारभर पिल्लं झळाळली. तिने आळीतल्या बायकांना बोलावून दाखवली.

संध्याकाळी गार वारा सुटला. तेलाने पिसं चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या, मधून उघडी कातडी दिसत होती. पिल्लं कुडकुडू लागली. दोन पिल्लांनी तिच्या तळहातावरच मान टाकली.

तेव्हा मात्र मानापानाचं भान तिला उरलं नाही. उरलेली पदरात घेऊन ती धावत शेजारी गेली.

“हे काय अक्का, लोणचं घातलंस का पिल्लांचं?” मडकेवाली बोलून गेली. मग तिने अक्काचे डोळे पाहिले आणि लगेच चूल पेटवली.

दोघींनी रिठ्याच्या कोमट पाण्यात एकेक पिल्लू धुतलं, टिपलं, उबेला ठेवलं.

“गोणपाटात नखं रुततात, म्हणून पाय धड राहतात,” मडकेवाली म्हणाली. “तूस ओलं झालं की लगेच बदलायचं. आणि त्या बोळक्यात तेल नव्हतं गं. चाळलेली सुकी रेती होती, चिमूटभर राख घातलेली. तिच्यात ती लोळतात, उवा झडतात, पीस मोकळं राहतं. चमक त्याची.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

उरलेली पिल्लं जगली. पण सोडायच्या दिवशी बांधावर मडकेवालीची पिल्लं भुर्रकन ज्वारीच्या रानात उडाली, आणि घाणेवालीची चार पावलं दुडदुडून परत तिच्याच पायांशी आली. ओटी मडकेवालीने भरली. घाणेवाली टोपली उचलून घरी आली. तेलाने खराब झालेली पिसं झडून नवी येईपर्यंत तिला ती सांभाळावी लागली, गोणपाटावर, सुक्या तुसात. पुढे एका सकाळी तीही उडाली. पण त्या दिवशी बांधावर ना ढोल होता, ना ओटी. तिची एकटीची मान तेवढी आभाळाकडे वळलेली होती.

म्हणून म्हणते, हेव्याने चोरून पाहिलं तर अर्धंच दिसतं. मोकळ्या मनाने विचारलं तर सगळं कळतं.