वणव्याचा जोर

आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर गवताळ रान होतं. उन्हाळ्यात त्या रानाला वणवा लागे. कधी तो वरच्या वर विझे, कधी गावात उतरे.

अशाच एका वणव्यात बरीच माणसं गेली. गावची पाटलीण हौसाक्का हिचा नवराही त्यातच गेला.

पुढच्या हिवाळ्यात वणवा येऊ नये म्हणून नवस बोलायला लोक देवळात जमले. हौसाक्का म्हणाली, "नवस बोला, मीही हात जोडते. पण तो येणारच असं धरून चालू या. रान आणि गाव यांच्यामधली झाडंझुडपं, गवत काढून मोकळा पट्टा करू."

"त्यानं वणवा थांबेल?" म्हाताऱ्या भिवबांनी विचारलं.

"वारा असला तर नाही थांबायचा. पण जोर मोडेल. पळायला वेळ मिळेल."

"थांबणारच नसेल, तर राबायचं कशाला, आक्का?"

पट्ट्याच्या वाटेत हौसाक्काचीच आमराई येत होती. नवऱ्यानं लावलेली, त्या वर्षी पहिल्यांदाच मोहरलेली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः कुऱ्हाड उचलली. प्रत्येक झाडावरून आधी हात फिरवायची, मग घाव घालायची. ते बघून लोक एकेक करत कोयते घेऊन आले.

चैत्रात वणवा आला. पट्ट्यापाशी ज्वाळा बसक्या झाल्या, घुटमळल्या. तेवढ्यात लोकांनी गुरं सोडली, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं नदीकाठी नेली. मग वारा सुटला, ठिणग्या पट्टा ओलांडून आल्या आणि वरच्या आळीतली घरं जळाली. भिवबांचंही जळालं.

सकाळी हौसाक्काला त्यांच्या समोर जाववेना. तरी ती गेली. "भिवबा, तुमचं घर नाही वाचवता आलं मला."

भिवबा राखेतून भांडी वेचत होते. शेजारी सून तान्ह्या बाळाला पाजत बसली होती. म्हातारा म्हणाला, "मागच्या खेपेला आपण इथं माणसं शोधत होतो, आक्का. आज भांडी शोधतोय."

पुढच्या हिवाळ्यात पट्टा रुंद करायला सगळ्यांच्या आधी भिवबा गेले.

संकट टाळता आलं नाही, तरी त्याचा घाव हलका करता येतो; आणि ते काम कधीच वाया जात नाही.