खड्ड्याची पाटी

"ही पाटी तूच लिहिलीस ना?"

लियांगवूनं मान हलवली. अख्ख्या मठात त्याच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"अक्षर कोणतं?" म्हाताऱ्या गुरूंनी विचारलं.

"सापळ्याचं, गुरुदेव. डावीकडे मातीचा उंचवटा, उजवीकडे विहीर. म्हणजे जमिनीत लपवलेला खड्डा..."

"वापरतात कुठं?"

लियांगवू घुटमळला. मठाभोवतीच्या डोंगरात शिकारी रानडुकरांसाठी खड्डे खणत, वर पानं पसरत, आणि खड्ड्यापाशी या एका अक्षराची पाटी टांगत. माणसानं वाट बदलावी म्हणून. यंदा पाटी लिहायचं काम मठाकडे आलं होतं.

"चल माझ्याबरोबर," गुरू म्हणाले.

पडवीत लाकूडतोडे तुंगबाबा पाय लांब करून बसले होते. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. काल सकाळी ते ही पाटी टांगलेल्या खड्ड्यातच पडले होते.

"बाबा... तुम्हाला वाचता येत नाही का?" लियांगवूनं हळूच विचारलं.

"येतं की! एवढं एकच अक्षर. आमच्यात पोर चालायला लागलं की आधी हेच शिकवतात." म्हातारा हसला. "पण हे काही ते दिसेना, महाराज. ढग नाचावेत तसं काहीतरी... फार देखणं. जवळून बघावं म्हणून दोन पावलं पुढं झालो. डुक्कर रताळ्याला भुलतं, मी चित्राला भुललो."

लियांगवूच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तीन दिवस खपून त्यानं ते अक्षर जुन्या दरबारी वळणात लिहिलं होतं. एखादा पंडित त्या वाटेनं गेलाच, तर थबकून विचारील, हा हात कुणाचा...

आता त्याची मान वर होईना.

गुरूंनी कोरी फळी आणि कुंचला त्याच्यापुढे सरकवला.

लियांगवूनं घाईघाईनं कुंचला टेकवला. रेघ वाकडी गेली, शाई ओघळली. अक्षर कसंबसं उभं राहिलं.

तुंगबाबांनी नुसती नजर टाकली. "खड्डा," ते म्हणाले.

लियांगवूचे डोळे भरून आले. त्यानं जुनी पाटी उचलली. "गुरुदेव, ही चुलीत घालतो."

"नको. तुझ्या उशाशी टांग."

"उशाशी...?"

गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पाटी खड्ड्यापाशीच टांगतात, बाळ."