पस्तीस हवा

“डिझेल होतं. चारी चाकांना जोर होता. मग गाडी का नाही चढली, उस्ताद?”

हा प्रश्न खंडूने वाडीतल्या जाणत्यांना विचारला होता. जीप विकणाऱ्याला विचारला होता. स्मशानातून परतताना मामालाही विचारला होता.

कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

आता तो घाटाखालच्या टायरवाल्या बाबालाल मुलाणी उस्तादांना विचारत होता. ते ट्यूब टपात बुडवून बुडबुडे बघत राहिले.

महिन्यापूर्वी खंडूचा थोरला भाऊ बबन हिरड्याच्या झाडावरून पडला. खंडूने त्याला जीपमध्ये घातलं. वाडीबाहेरच्या चढावर वळवाचा चिखल होता. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. मागच्या सीटवर बबन गेला.

“ते राहू द्या,” खंडू म्हणाला. “वहिनीला नववा लागलाय. आता गाडी अडता कामा नये. ट्रॅक्टरसारखे मोठ्या गट्ट्यांचे टायर टाका. मग बघतो त्या चढाकडं!”

“कच्चा रस्ता किती?”

“चार किलोमीटर.”

“आणि डांबर?”

“दवाखान्यापर्यंत छत्तीस.”

“तसले गट्टे ओल्या डांबरावर घसरतात. मधल्या नक्षीचे घे. दोन्हीकडं चालतात.”

“मधलं नको मला! तुम्ही टायर विकता का प्रवचन करता?”

“दोन्ही. प्रवचन फुकट.” उस्ताद उठले. “जीप मागं घे. त्या चिखलात घाल.”

दुकानामागे गाड्या धुतल्याचं पाणी मुरून चांगला घोटाभर राडा झाला होता. खंडूने तावातावाने जीप घातली. ती रुतली. त्याने पाय दाबला. चिखल भिंतीपर्यंत उडाला.

“बघा! अस्संच झालं होतं!”

“हवा किती?”

“पस्तीस पौंड. त्या दिवशीपण पस्तीसच. वाटेत पंक्चर नको म्हणून दादाला आत निजवल्यावर मीच पंपानं भरली होती.”

उस्तादांनी फळीवरचा खिळा उचलला.

मग वाकले. व्हॉल्व्हवर खिळा दाबून धरला. फुस्स... एकेक करत चारही चाकं. निम्मी हवा गेली, टायर पिठाच्या गोळ्यासारखे बसून चिखलावर रुंद पसरले.

“आता पाय हलका ठेव.”

जीपने एक हुंकार दिला आणि सावकाश चालत बाहेर आली. थेट दुकानापुढच्या डांबरी रस्त्यावर. तेच जुने टायर.

खंडूने इंजिन बंद केलं. मग उतरला.

“म्हणजे... त्या दिवशी मी हवा सोडली असती तर...”

उस्ताद खिळा चिंधीला पुसत राहिले.

“बोला ना, उस्ताद! दादा...”

खंडू चाकाला टेकून बसला. चितेपुढेही रडला नव्हता, तसा रडला. उस्तादांनी त्याला रडू दिलं.

शेवटी त्याने बाहीने तोंड पुसलं आणि किल्ली उस्तादांपुढे टाकली.

“विकून टाका. माझ्या हातात गाडी नको.”

“मधल्या नक्षीचे चार उद्या येतील,” उस्ताद म्हणाले. “वहिनीला दवाखान्यात आणायच्या आत बसवू.”

“मी काय म्हणतोय ऐकलं का?”

उस्तादांनी किल्ली उचलून त्याच्या खिशात घातली. आतून पायपंप आणला. पुढच्या चाकाला नळी लावली.

“डांबर आलंय, खंडू. इथं पस्तीसच लागते. हवा भर.”