मोरूची रुसलेली भूक

एक होती टेकडी. टेकडीवर देवीचं सोनेरी कळसाचं देऊळ आणि पायथ्याशी एक इवलीशी झोपडी. झोपडीत राहायची तुळसा, तिची आई आणि चार वर्षांचा भाऊ मोरू. आई देवीसाठी हार विकायची. घरात भाकरी असायची जेमतेम, आणि तीसुद्धा मोरू खायचा नाही! ताट आलं की हा तोंड फिरवायचा. हातापायांच्या अगदी काड्या झाल्या होत्या बिचाऱ्याच्या.

एका सकाळी देवीच्या बागेत फुलं तोडता तोडता तुळसाला रडूच कोसळलं. तोच मोगऱ्याच्या ताटव्यात लखकन काहीतरी चमकलं. अंगठ्याएवढी परी! गुलाबी पंख, चंदेरी झगा, केसांत दवाचे चिमुकले मणी.

"रडू नकोस गं सोनुले," परी म्हणाली. "एक वर माग. बांगड्या देऊ? रेशमी परकर देऊ?"

परकर म्हणताच तुळसाचे डोळे लकाकले, खोटं कशाला सांगू! पण ती म्हणाली, "परीताई, माझ्या मोरूला भूक लागू दे."

"अगं, भूक रोज येते तुमच्या दारी! माझी लाजरी बहीण आहे ती. सकाळी येते, तर मोरू अंथरुणात. देवळातली शेवटची आरती होईपर्यंत जागल्यावर उठणार कसा? दुपारी येते, तर पोटात पेढा, केळं आणि खडीसाखर आधीच ठाण मांडून बसलेली. मग जाते बिचारी हिरमुसून."

खरंच होतं ते. टेकडी उतरणारा जो तो मोरूच्या हातावर प्रसाद ठेवायचा. आईला वाटायचं, तेवढंच पोटात जातंय लेकराच्या!

"सात दिवस नेम पाळ," परी म्हणाली. "कमळ उमललं की मोरूला उठवून न्याहारी. दुपारीचं तांबडं फूल उमललं की जेवण. गुलबक्षी उमलली की पुन्हा जेवण. पहिली चांदणी दिसली की झोप. मध्ये एक दाणासुद्धा नाही. नेम मोडला, तर वर फुकट गेला!"

बाई गं, काय ते दिवस! मोरूने भोकाड पसरून टेकडी दणाणून सोडली. तीन दिवस झाले, तरी भुकेचा पत्ता नाही. पण तो आता लवकर झोपू लागला, कमळाबरोबर डोळे उघडू लागला.

पाचव्या दिवशी एक आजीबाई टेकडी उतरल्या आणि त्यांनी मोरूपुढे भलामोठा पेढा धरला. तुळसा आडवी आली.

"देवीचा प्रसाद नाकारतेस?" आजीबाई कडाडल्या.

तुळसाने आजीबाईंकडे पाहिलं, मोरूकडे पाहिलं. प्रसाद परतवायचा कसा? आणि नेम मोडायचा कसा? तिने पेढा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि कर्दळीच्या पानात अलगद बांधला. "आजी, नाकारत नाही हो. जेवणाच्या ताटात पहिला मान याचाच!"

आजीबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. "गुणाची गं माझी बाय!" म्हणत त्यांनी तुळसाची अलाबला घेतली.

सातवा दिवस उजाडला. ऊन चढलं. दुपारीचं तांबडं फूल अजून पाकळ्या सोडवतच होतं, तेवढ्यात झोपडीतून आरोळी आली, "आई! भूक लागली!"

आईच्या हातातला हार गळून पडला. तिने भाकरी वाढली, पिठलं वाढलं, आणि मोरूने बघता बघता ताट चाटूनपुसून लख्ख केलं! आई हसत होती, रडत होती. तुळसा तर आनंदाने गिरक्याच घेऊ लागली.

दारात परी उभी होती, लाल, पिवळ्या, निळ्या झगमगाटात. "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, म्हणून हे घे," ती म्हणाली आणि तिने तुळसाच्या टोपलीवर पंख फिरवला. "यातली फुलं आता कधीच कोमेजणार नाहीत."

मग लखलखाट असा झाला, असा झाला, की सगळ्यांचे डोळे दिपले आणि परी त्या उजेडात विरून गेली. आईने हात जोडले, तुळसाने हात जोडले. मोरूने मात्र ताट पुढे केलं.

"आणखी एक भाकरी!"