काढ्याचे तीर्थ

भाविकहो, त्या काळी कुसुमखेड्याच्या ओढ्याला बारमाही पाणी असे आणि काठच्या लिंबाखाली श्री भानगीर महाराज बसलेले असत. आता तो लिंब राहिला नाही. पण चैत्रात त्या वाटेने गेले की मोहराचा वास अजून येतो, असे जुनी माणसे सांगतात.

गावात येसू नावाची साळीण होती. महाराजांवर तिची फार श्रद्धा. तिला लहानपणापासून दमा. वैद्यांनी बजावले होते, "पोरी, अडुळशाचा काढा सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. हा पाहुणा जायचा नाही, त्याला सांभाळून घ्यायचं." येसू सांभाळून घेई. पण गळा मात्र आईचा! रामनवमीचा पाळणा आईनंतर तीच म्हणे. बाया हातातला सुंठवडा विसरून ऐकत राहत.

एके वर्षी पुजाऱ्यांच्या द्वारकाकाकूंनी तिला पाणवठ्यावर गाठले.

"का गं येसू, पाळणा म्हणणारीला रामजन्मापर्यंत निर्जळी उपास लागतो, ठाऊक आहे ना? तू तर पहाटेच वाटीभर ढोसतेस!"

"औषध आहे ते, काकू."

"महाराजांची एवढी भक्ती, आणि भरवसा पाल्यावर? राहू दे. पाळणा माझी सून म्हणेल."

आईचा पाळणा दुसरीच्या तोंडी जाणार! येसूच्या काळजात ते रुतले. नवमीच्या पहाटे तिने काढा केलाच नाही, आणि काकूंना तसे सांगून पाळणा आपल्याकडे ठेवला.

भर दुपारी रामजन्म झाला. गुलाल उधळला. येसूने दोरी धरली आणि सूर लावला:

नीज नीज रे रामराया, लिंबाखाली गार छाया,
उन्हाची कोवळी बोटं दोरी लागली हलवाया…

दुसऱ्या कडव्याला छाती भात्यासारखी वाजू लागली. ओठ निळे पडले. दोरी सुटली आणि येसू खांबाशी कोसळली.

"अगं, वैद्यांना बोलवा!"

"ते कुठले? परगावी गेलेत!"

इतक्यात महाराज देवळात आले. येसूचे डोके त्यांनी मांडीवर घेतले आणि रामापुढची तीर्थाची वाटी मागितली. ती द्वारकाकाकूंनीच भरली होती. ओढ्याचे गार पाणी, वर तुळशीचे पान.

पण आता वाटीतून वाफ निघत होती! अडुळशाचा उग्र वास गाभाराभर पसरला. महाराजांनी घोट घोट पाजले. हळूहळू छातीतली घरघर निवली.

"उपास मोडला, महाराज," येसू पुटपुटली.

महाराज म्हणाले, "ज्याच्यासाठी धरलास, त्यानंच चूल पेटवली, मग मोडला कसा? वेडे, अडुळसा काय परक्याच्या रानात उगवतो? पाला त्याचा, श्वासही त्याचाच. पुन्हा काढा चुकवलास तर मी रागावेन हो!"

द्वारकाकाकूंनी वाटीतला उरला थेंब जिभेवर ठेवला. कडूजहर! "माझ्या हातांनी पाणी भरलं होतं हो…" म्हणत त्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझा श्वास कुठं अडला होता, बाई?"

काकू येसूपुढे वाकल्या. "चुकले गं लेकी. पाळणा तूच म्हण. दोरी मी धरते."

दमा गेला नाही, भाविकहो. येसू काढा घेत राहिली आणि पाळणा म्हणत राहिली. मध्येच धाप लागे. तेव्हा द्वारकाकाकू मान लववून दोरी आवरून धरत. पाळणा थांबे, रामराया थांबे, सगळे देऊळ थांबे. येसूला श्वास मिळाला, की मगच पुढची ओळ.